पोलीस भरती: मुलींसाठी ग्राउंड, लेखी आणि ट्रेनिंग – माहिती हवी आहे

चिंचेखाली

माझी भाची बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव पारनेर तालुक्यात. पोलीस शिपाई पदाचा फॉर्म भरलाय, त्या १५,६३१ जागांच्या जाहिरातीतला. उंची १५६. पहाटे उठून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावते, सोबतीला शेजारची एक मुलगी आणि मागून मोटरसायकलवर दाजी. दाजींचं म्हणणं, ही भरती होऊ दे, नाही जमलं तर स्थळं बघायला लागू.

तालुक्यातल्या एका अकॅडमीने राहण्या-जेवणासकट जी फी सांगितली ती ऐकून ताई गप्पच बसली. मी आयटीत, मला यातलं ओ की ठो कळत नाही. अकॅडमी लागतेच का? ग्राउंडवर, म्हणजे मैदानी चाचणीवर, जोर द्यायचा की लेखीवर? आणि निवड झालीच तर ट्रेनिंगमध्ये नेमकं काय करून घेतात? घरच्यांना त्याचीच जास्त धास्ती आहे.

'मुलीच्या जातीला पोलीस खातं नको' यावर कृपया दुसरा धागा काढावा.

जुना बिल्ला

चिंचेखाली, खात्यातून निवृत्त झालोय, शेवटची बरीच वर्षं प्रशिक्षण केंद्रावर होतो. माहिती आहे तेवढं लिहितो.

पात्रता कागदावर सोपी आहे. बारावी पास. वय खुल्या वर्गाला १८ ते २८, मागास प्रवर्गांना ३३ पर्यंत. मुलींना उंची १५५ सेंटीमीटर. मुलांना १६५, शिवाय छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर ५ सेंटीमीटर वाढ. तुमच्या भाचीकडे एका सेंटीमीटरचीच शिल्लक आहे, म्हणून सांगतो: माणसाची उंची सकाळी जास्त भरते, दिवसभर उभं राहून थोडी कमी होते. ग्राउंडच्या आदल्या रात्री एस.टी.त बसून तारवटलेल्या डोळ्यांनी येऊ नये. जवळ नातेवाईक बघून मुक्काम करावा. आणि अंबाडा घालून मोजपट्टीखाली उभं राहू नका, सोडायला लावतात. त्यात अर्धा जीव तिथेच घाबरतो.

आता गुण. मैदानी ५०, लेखी १००. मुलींना ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५, गोळा ४ किलोचा. मुलांना ८०० च्या जागी १६०० आणि गोळा ७.२६० किलोचा. मैदानीत २५ मिळाले की 'पात्र'. पण या शब्दावर विसंबून पोरं घरी पेढे वाटतात आणि मग लेखीच्या यादीत नाव नसतं. कारण लेखीला जागांच्या दहापटच उमेदवार बोलावतात, तेही प्रवर्गनिहाय. समजा तुमच्या जिल्ह्यात तिच्या प्रवर्गात महिलांच्या तीन जागा असतील, तर तीसच मुली लेखीला जाणार. त्या तिसांत यायला २५ गुण कुठेच पुरत नाहीत.

लेखीत किमान ४० टक्के हवेत. मग दोन्हींची बेरीज, १५० पैकी, आणि मेरिट.

माझं मत विचाराल तर पोरं वेळ उलटा वाटतात. ५० गुणांसाठी दिवसाचे सहा तास आणि १०० गुणांसाठी झोपायच्या आधी मोबाईलवर दोन प्रश्नपत्रिका. ग्राउंडला ४६ घेऊन लेखीत ५५ वर घसरलेली मुलं मी ढिगाने पाहिलीत. ४० घेऊन लेखीला ८५ काढणारा त्यांच्या डोळ्यांदेखत वर्दी शिवायला टाकतो.

लाल माती

बिल्लासाहेबांशी निम्मा सहमत. मी मुलांना धावायला शिकवतो (अकॅडमी नाही, शाळेचं मैदान, फी नाही, तेव्हा जाहिरात समजू नये).

लेखीला १०० गुण आहेत हे खरं, पण त्या दाराशी पोचायलाच ग्राउंड लागतं. छोट्या जिल्ह्यात मुलीला लेखीचं बोलावणं यायला चाळिशीच्या आसपास गुण लागतात असं धरूनच मी तयारी करून घेतो. तिथे ३२ घेऊन बसलेल्या मुलीने पाठ केलेलं व्याकरण कोण तपासणार?

आकडे घ्या. मुलींना ८०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर २ मिनिटं ५० सेकंद. ४०० च्या ट्रॅकवर दोन फेऱ्या, म्हणजे फेरी ८५ सेकंदांत. मुलांना १६०० ला ५ मिनिटं १० सेकंद, म्हणजे चार फेऱ्या साडेसत्याहत्तर सेकंदांच्या हिशेबाने. तुमची भाची डांबरी रस्त्यावर धावते तिथे हा हिशेब कळतच नाही. किती किलोमीटर झाले ते कळतं, फेरी किती सेकंदांत पडली ते नाही. आठवड्यातून दोनदा तरी मोजलेल्या मैदानावर न्या. शाळेचं मैदान २०० मीटरचं असेल तर चार फेऱ्या, प्रत्येक साडेबेचाळीस सेकंद. पहिली फेरी छत्तीसमध्ये मारून शेवटच्या फेरीला पाय ओढत येणाऱ्या मुली प्रत्येक ग्राउंडवर दिसतात. बाजूला टाळ्या वाजत असतात, शेजारची पुढे गेलेली असते, मग राहवत नाही. हे राहवणंच शिकवावं लागतं.

डांबराने नडगी धरते ते वेगळंच. भरतीच्या तोंडावर नडगी धरली की संपलं.

आणि गोळा! पंधरा गुण पडलेत तिथे आणि कुणी बघत नाही. मुलींना ६ मीटरला पूर्ण गुण, मुलांना साडेआठला. १०० मीटरचा वेळ एका सेकंदाने कमी करायला वर्ष जातं, पण गोळा तंत्राने दोन महिन्यांत मीटरभर पुढे जातो. बहुतेक मुली तो हाताने ढकलतात. जोर मागच्या पायातून, कमरेतून वर यायला हवा, हात सगळ्यात शेवटी. गोळा मानेला चिकटलेला, कोपर वर. चेंडूसारखा मागून फेकला तर फाऊल. आणि टाकून झाल्यावर तोल जाऊन वर्तुळाच्या पुढून बाहेर पडलात तरी फाऊल. ४ किलोचा लोखंडी गोळा तालुक्याला क्रीडा साहित्याच्या दुकानात मिळतो. अकॅडमीच्या फीपेक्षा तो आधी घ्या.

खिडकीजवळची सीट

म्हणजे दाजींना आता मोटरसायकल सोडून स्टॉपवॉच घ्यावं लागणार :)

जुना बिल्ला

लाल माती, गोळ्याचं शंभर टक्के बरोबर. लेखी-ग्राउंडचा वाद आपल्या दोघांचाच नाही, सरकारचंही मत दोनदा फिरलंय.

पूर्वी मैदानी १०० गुणांची होती. लांब उडी, पुल-अप्स, सगळं होतं आणि मुलांना ५ किलोमीटर धावायला लागायचं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या भरतीत त्या ५ किलोमीटरमध्ये उमेदवार दगावले. उन्हाचा तडाखा, रात्रभर फुटपाथवर काढलेली पोरं, पोटात वडापाव. त्यानंतर अंतर कमी झालं. पुढे २०१९ मध्ये नियम असा केला की आधी लेखी, मग ५० गुणांचं ग्राउंड. गावाकडची पोरं चिडली, मैदानावर वर्षं घालवलेल्यांना मैदान बघायलाच मिळेना. २०२१ ची भरती त्या पद्धतीने झाली. २०२२ मध्ये पुन्हा उलटं: आधी ग्राउंड, मग लेखी. गुण मात्र ५० आणि १०० च राहिले. माझ्या मते हे प्रमाण योग्य आहे. ठाण्यात बसून फिर्याद लिहून घेणाऱ्याला साडेअकरा सेकंदांत १०० मीटर धावता आलं नाही तरी चालतं, चार ओळी शुद्ध आणि मुद्देसूद लिहिता आल्याच पाहिजेत.

नाकाबंदी

मी सध्या नोकरीत आहे, महिला पोलीस शिपाई. जिल्हा सांगत नाही. ट्रेनिंगबद्दल लिहिते, कारण मावशी-काकूंच्या घाबरवण्याने माझ्याही घरी रडारड झाली होती.

निवड झाल्यावर कागदपत्रं, मेडिकल, चारित्र्य पडताळणी हे सगळं होऊन नेमणूक मिळते. मग प्रशिक्षण केंद्र. राज्यात मरोळ, खंडाळा, जालना, नागपूर, अकोला, लातूर, सोलापूर, धुळे, सांगलीकडे तुरची अशी केंद्रं आहेत. पाठवतील तिथे जायचं. पगार ट्रेनिंगमध्येही चालू असतो, हे दाजींना आवर्जून सांगा. सातव्या वेतन आयोगात शिपायाचा मूळ पगार २१,७०० पासून सुरू होतो.

दिवस पहाटे फॉलिनने, म्हणजे रांगेतल्या हजेरीने सुरू. पी.टी., मग नाश्ता, मग परेड. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस फक्त पाय दुखतात, बाकी काही आठवत नाही. बुटाने टाचा सोलवटतात. मुली टाचेला चिकटपट्टी लावून वर मोजा चढवतात आणि उस्तादांना (कवायत शिकवणाऱ्यांना) पत्ता लागू देत नाहीत, कारण 'सिक' सांगितलं की परेड बुडते आणि परेड बुडली की मागे पडतो. शस्त्रकवायत, लाठी, जमाव पांगवण्याची ड्रिल, अडथळ्यांची शर्यत, योगासनं. फायरिंगची भीती मला सगळ्यात जास्त होती. एस.एल.आर. रायफलचा दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट दाबून धरला नाही तर मागे बसणाऱ्या धक्क्याने खांदा काळानिळा होतो. पहिल्या दिवशी आमच्यातल्या निम्म्या मुलींचा झाला. दुसऱ्यांदा कुणाचाच नाही.

दुपारी कायद्याचे वर्ग. पहाटेपासून घाम गाळून पंख्याखाली बसल्यावर डोळे उघडे ठेवणं हीच खरी शारीरिक चाचणी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम आलेत, त्यामुळे आता नवीन मुलं कोरी पाटी घेऊन शिकतात आणि ठाण्यातल्या जुन्या हवालदारांना तेच कलम सांगतात. आमच्याकडे खुनाला अजून तोंडात जुनं ३०२ च येतं, १०३ म्हटलं की सगळे एक क्षण थांबतात.

पंचनामा लिहायला शिकवतात तो भाग मला आवडला. केंद्राच्या आवारातच घरफोडीचा बनाव केला होता. कुलूप, कटावणी, उघडं कपाट. आम्ही सगळ्यांनी 'कपाट उघडे दिसले' असं लिहिलं. सरांनी विचारलं, कपाटाची दारं कुठल्या दिशेला उघडतात? खिडकीपासून किती अंतरावर? कुलूप तुटलं होतं की किल्लीने उघडलेलं? परत लिहायला लावलं. नोकरीत आल्यावर कळलं की कोर्टात नेमकं हेच विचारतात.

मारझोड वगैरे काही नाही. ओरडा भरपूर. शिक्षा म्हणजे मैदानाला चक्कर.

नोकरीबद्दल: बंदोबस्त, सण, निवडणुका. दिवाळी घरी मिळेल ही आशा ठेवू नये. २०२२ मध्ये महिलांना आठ तासांच्या ड्युटीचा आदेश निघाला होता. प्रत्यक्षात ठाण्याच्या मनुष्यबळावर असतं, कुठे मिळते, कुठे नाही. किरकोळ रजा मात्र त्याच वर्षी १२ च्या २० झाल्या, ते खरोखर उपयोगी पडलं.

चिंचेखाली

नाकाबंदी, तुमचा प्रतिसाद ताईला फोनवर वाचून दाखवला. पगार ट्रेनिंगमध्ये चालू असतो म्हटल्यावर दाजींनी स्पीकर मोठा करायला सांगितला.

एक प्रश्न राहिला. तिच्या चुलतभावानेही फॉर्म भरलाय. गणपतीत डी.जे.वरून त्याच्या मंडळाच्या पोरांवर गुन्हा दाखल झाला होता, त्यात याचंही नाव आहे. त्याला सगळे सांगतायत की फॉर्ममध्ये 'नाही' टाकलंस ते बरं केलंस, कोण बघतंय.

साक्षीदार क्रमांक ४

वकील आहे, म्हणून या मुद्द्यावर थांबतो.

'कोण बघतंय' याचं उत्तर: पोलीस बघतात. भरती त्यांचीच आहे आणि गुन्ह्यांची नोंदही त्यांच्याकडेच. चारित्र्य पडताळणीत राहत्या ठाण्याकडून अहवाल मागवतात. तिथे हे निघणारच.

यात दोन गोष्टी लोक एक समजतात. गुन्हा दाखल असणं ही एक, आणि तो लपवणं ही दुसरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने याबाबत सूत्रं घालून दिली आहेत. सारांश असा की उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी. किरकोळ स्वरूपाचं प्रकरण असेल, तरुण वयात घोषणा दिल्या वगैरे, तर नियोक्ता ते माफ करू शकतो. गंभीर प्रकरण लपवलं तर नेमणूक रद्द करू शकतो. आणि सगळं खरं सांगितलं तरी त्या माणसाला घ्यायचं की नाही हे ठरवायचा अधिकार नियोक्त्याकडे राहतोच. पण डी.जे.च्या खटल्यात सांगून टाकलेल्याची बाजू मांडता येते. लपवलेल्याची मांडताना आम्हालाच घाम फुटतो.

त्या मुलाने एफ.आय.आर.ची प्रत काढावी, दोषारोपपत्र गेलंय का ते पाहावं, प्रकरण निकाली निघालं असेल तर न्यायालयाच्या आदेशाची साक्षांकित प्रत घ्यावी. आणि पडताळणीचा नमुना हातात येईल तेव्हा त्यात खरं लिहावं. फॉर्ममध्ये 'नाही' गेलं असेल तर एखाद्या वकिलाला कागद दाखवून लेखी खुलासा कसा आणि कधी द्यायचा ते आत्ताच ठरवावं. नेमणुकीच्या दारात नको.

उरलेला बॅच

सगळे चांगलं चांगलं लिहितायत म्हणून थोडं कडू लिहितो. मी भरतीच्या मागे होतो, वय उलटलं, आता वेगळ्या सरकारी कार्यालयात आहे.

२०२४ मध्ये १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर. म्हणजे एका खुर्चीला शंभर जण. ग्राउंड लागलं १९ जूनपासून, ऐन पावसात. काही ठिकाणी चिखलामुळे तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. महिनोन् महिने तयारी करून ऐन भरात आणलेला माणूस आठवडाभर पुढे ढकलला की काय होतं ते लाल माती सांगतील. पाच-सहा जणांनी एक खोली घेऊन राहणं, डब्याचे पैसे थकणं, घरी फोनवर 'मस्त चाललंय' सांगणं हे सगळं केलंय. मैदानावर इंजेक्शन टोचून आलेली मुलं पकडली गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, आम्ही त्यांच्या शेजारच्या लेनमध्ये होतो.

भाचीला एवढंच सांगा की बी.ए. सोडू नको. पदवी असली की एम.पी.एस.सी.तून पी.एस.आय.चा रस्ता उघडा राहतो, आणि तलाठी, लिपिक, सगळ्यांचा अभ्यास जवळजवळ तोच आहे: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. शिपायाच्या लेखीला ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. हा वेग एकदा बसला की दुसऱ्या परीक्षांत आपोआप उपयोगी येतो. मला आजची नोकरी पोलीस भरतीच्या अभ्यासावर लागली. धावण्यावर नाही.

अकॅडमीबद्दल: शिस्त विकत घेता येते, एवढाच फायदा. आमच्या अकॅडमीत एका हॉलमध्ये इतकी मुलं कोंबलेली की कूस बदलायला शेजाऱ्याची परवानगी लागायची. गणिताचे सर आठवड्यातून एकदा. ज्याच्या घरी पहाटे उठवणारं कुणी आहे त्याने तो खर्च करू नये. तुमच्याकडे दाजी आहेत.

म्हादयीकाठ

डिचोलीहून वाचतोय. सीमेपलीकडची, दोडामार्ग-चंदगडची मुलं अधूनमधून विचारतात की गोवा पोलिसात अर्ज करू का. आमच्याकडे १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात आणि कोंकणी यावीच लागते, मराठी येत असली तर चांगलं. ट्रेनिंग वाळपईला. तेव्हा दाखला नसेल तर एस.टी.चं भाडं वाया घालवू नका.

चिंचेखाली

सगळ्यांचे आभार. गोळा आजच घेतला. दुकानदार म्हणाला, 'कुठल्या भरतीला?' म्हणजे रोजचंच गिऱ्हाईक दिसतंय.

तिने फॉर्म नगर जिल्ह्यातला भरलाय. मैत्रिणी म्हणतात मुंबईचा भरायला हवा होता, तिथे जागा जास्त. आता दोन्हीकडे भरता आला असता का?

नाकाबंदी

नाही. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्यात किंवा आयुक्तालयात अर्ज. शिपाई नगरला आणि शिपाई मुंबईला असं चालत नाही. २०२४ ला ज्यांनी असं केलं त्यांना हमीपत्र देऊन एकच ठिकाण निवडावं लागलं. शिपाई एकीकडे आणि कारागृह शिपाई दुसरीकडे असं मात्र चालतं, कारण पद वेगळं.

मुंबईचं म्हणाल तर जागा जास्त हे खरं, पण माझी ट्रेनिंगची मैत्रीण बदलापूरहून येऊन-जाऊन ड्युटी करते. बारा तासांची ड्युटी आणि वर लोकल. आंतरजिल्हा बदली मागून लगेच मिळत नाही, वर्षं जातात. नगर भरलाय ते ठीक आहे, तिथे भांडा.

लाल माती

चिंचेखाली, गोळा आणलात ते उत्तम. पहिला आठवडा उभ्यानेच टाकायला सांगा, वर्तुळात सरकत येणं नंतर. टेपने मोजून वहीत लिहा. दिवसाला वीस-पंचवीस फेकी पुरे, जास्त केल्या की मनगट धरतं. आणि ८०० च्या दिवशी गोळा नको.

खिडकीजवळची सीट

अवांतर: माझा भाऊ पोलीस चालक पदाला आहे. वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

जुना बिल्ला

इथेच विचारा. चालकाला १०० मीटर नाही. मुलांना १६०० मीटरचे ३० आणि गोळ्याचे २० गुण. शिवाय वाहन चालवण्याची ५० गुणांची कौशल्य चाचणी: हलकं वाहन २५, जीप प्रकारातलं वाहन २५. लेखीत मोटार वाहन कायद्याचे आणि वाहतूक नियमांचे प्रश्न वाढतात. आजकालची पोरं पॉवर स्टिअरिंगवर शिकलेली असतात, जुन्या जीपचं स्टिअरिंग हातात आलं की रिव्हर्समध्ये खांबाला घासतात. कुणाच्या तरी शेतावरची जुनी जीप मिळवा आणि उलटी चालवायचा सराव करा म्हणावं.

खिडकीजवळची सीट

मामांची आहे एक. चालू होते का ते बघून सांगतो.